विश्लेषण : ज्येष्ठांना औषधी गांजाची माहिती देणारे संकेतस्थळ कसे असावे?

कॅनडात गांजाची विक्री कायदेशीर झाली आणि काही वर्षांतच गांजाच्या विषबाधेमुळे आपत्कालीन विभागात न्याव्या लागलेल्या ज्येष्ठांचे प्रमाण तिपटीवर गेले. कायदा बदलला, दुकाने उघडली. सत्तरीतल्या माणसाला कळेल अशी माहिती मात्र मागे राहिली. ही माहिती देणारे संकेतस्थळ उभारणे वाटते तितके सोपे का नाही, त्यात काय असावे आणि भारतातील ज्येष्ठांनी यातून काय लक्षात ठेवावे, त्याविषयी…

ओंटारियोत नेमके काय घडले?

कॅनडात रुग्णांना डॉक्टरांच्या संमतीने गांजा मिळण्याची व्यवस्था २००१ पासून आहे. १७ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रौढांसाठी गांजाची खुली विक्री कायदेशीर झाली. पहिल्या टप्प्यात मुख्यतः वाळवलेला गांजा आणि तेल विकले जात होते. वर्षभराने, ऑक्टोबर २०१९ मध्ये, गांजाचा अंश असलेल्या खाद्यपदार्थांनाही परवानगी मिळाली आणि चॉकलेट, बिस्किटे, जेलीसारख्या चघळायच्या गमी दुकानांत आल्या.

ओंटारियो या कॅनडातील सर्वाधिक लोकसंख्येच्या प्रांतात २०१५ ते २०२२ या काळातील नोंदी संशोधकांनी तपासल्या. त्यांचा निष्कर्ष मे २०२४ मध्ये ‘जामा इंटर्नल मेडिसिन’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ६५ वर्षांवरील व्यक्तींना गांजाच्या विषबाधेमुळे आपत्कालीन विभागात आणावे लागल्याच्या २,३२२ घटना या काळात नोंदल्या गेल्या. कायद्यापूर्वीच्या तुलनेत हे प्रमाण पहिल्या टप्प्यात सुमारे दुप्पट आणि खाद्यपदार्थ बाजारात आल्यानंतर सुमारे तिप्पट झाले. घरात ठेवलेले चॉकलेट साधे समजून खाल्ले जाऊ शकते. एका गमीने काहीच जाणवले नाही म्हणून दुसरी घेतली जाऊ शकते. दोन्ही धोके माहितीने टाळता येण्याजोगे आहेत आणि म्हणूनच ती माहिती कोण, कुठे आणि कशी देतो हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न बनला.

ज्येष्ठ गांजाकडे का वळत आहेत?

मौजमजेपेक्षा दुखणे हे मोठे कारण आहे. सांधेदुखी, मज्जातंतूंच्या वेदना, न लागणारी झोप, कर्करोगावरील उपचारांनंतरची मळमळ अशा तक्रारी घेऊन अनेक ज्येष्ठ या पर्यायाची चौकशी करतात. वर्षानुवर्षे वेदनाशामके घेऊन कंटाळलेल्यांना ‘वनस्पतीपासून बनलेले’ हे शब्द आश्वासक वाटतात. अमेरिकेत ६५ वर्षांवरील व्यक्तींमध्ये मागील महिन्याभरात गांजा वापरल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण २०२१ मध्ये ४.८ टक्के होते. २०२३ मध्ये ते ७ टक्क्यांवर गेले.

या वाढीच्या तुलनेत डॉक्टरांशी होणारा संवाद तोकडा आहे. आज पंच्याहत्तरीत असलेल्या कॅनेडियन व्यक्तीचे जवळपास सारे आयुष्य बंदीच्या काळात गेले, कारण तेथे गांजावर १९२३ पासून बंदी होती. ज्याचे नाव घेणेही गैर मानले जायचे, त्याबद्दल डॉक्टरांना विचारायचे कसे, हा संकोच मोठा आहे. दुसरीकडे, अनेक डॉक्टरांच्या अभ्यासक्रमात हा विषय जेमतेम होता. मग उरतो तो दुकानातील विक्रेता, ओळखीचे कोणी, मुले-नातवंडे आणि मोबाइल. आरोग्यविषयक संकेतस्थळाला नेमकी ही पोकळी भरायची असते.

वय वाढल्यावर हाच पदार्थ वेगळा का वागतो?

गांजाच्या झाडात शंभराहून अधिक ‘कॅनाबिनॉइड’ रसायने असतात. त्यांतील दोन महत्त्वाची : टीएचसी आणि सीबीडी. नशा टीएचसीमुळे चढते. सीबीडीने तशी नशा होत नाही. टीएचसीची रचना इस्रायलमधील राफाएल मेशुलम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ मध्ये उलगडली.

टीएचसी चरबीत विरघळते. वय वाढते तसे शरीरातील चरबीचे प्रमाण वाढते, पाण्याचे घटते, यकृताचे काम मंदावते. परिणामी हा पदार्थ शरीरात अधिक काळ रेंगाळू शकतो. टीएचसीमुळे हृदयाचे ठोके वाढतात आणि बसलेले असताना एकदम उठल्यास रक्तदाब घसरू शकतो. तरुणाला क्षणभर गरगरल्यासारखे होईल. त्याच जागी ज्येष्ठ व्यक्ती रात्री न्हाणीघरात पडून खुब्याचे हाड मोडू शकते. गोंधळलेले बोलणे, वेळकाळाचे भान सुटणे ही लक्षणे घरच्यांना पक्षाघाताची किंवा स्मृतिभ्रंशाची वाटू शकतात.

औषधांची टक्कर हा वेगळा धोका. यकृतातील ज्या विकरांमुळे अनेक औषधांचे विघटन होते, त्यांतील काहींचे काम सीबीडी रोखते. वॉरफॅरिनसारखे रक्त पातळ करणारे औषध चालू असल्यास त्याचा परिणाम वाढून रक्तस्रावाचा धोका संभवतो. झोपेच्या गोळ्या, मद्य किंवा तीव्र वेदनाशामकांसोबत टीएचसी घेतल्यास गुंगी वाढते. ‘सीबीडीने नशा होत नाही, म्हणजे ते निरुपद्रवी’ हा समज म्हणूनच चुकीचा ठरतो. रोज पाच-सहा गोळ्या घेणाऱ्या वयोगटासाठी हीच माहिती सर्वात मोलाची असते, आणि जाहिरातींत तीच सर्वात कमी दिसते.

‘फायदा होतो का?’ या प्रश्नाला एकच उत्तर का नाही?

काही आजारांबाबत उत्तर बरेच स्पष्ट आहे. सीबीडीपासून बनवलेल्या ‘एपिडायोलेक्स’ या औषधाला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जून २०१८ मध्ये अपस्माराच्या दोन दुर्मीळ, गंभीर प्रकारांसाठी मान्यता दिली. केमोथेरपीनंतरच्या मळमळीसाठी टीएचसीचे कृत्रिम रूप असलेले ‘ड्रोनॅबिनॉल’ तेथे १९८५ पासून मान्यताप्राप्त आहे. ही औषधे ठरावीक शुद्धतेची, ठरावीक मात्रेची असतात. दुकानातील तेल किंवा गमी म्हणजे ही औषधे नव्हेत. कॅनडातही डॉक्टरांच्या संमतीने गांजा मिळत असला, तरी औषध म्हणून स्वतंत्र क्रमांक मिळालेली मोजकी उत्पादने वगळता तो ‘मान्यताप्राप्त औषध’ ठरत नाही.

ज्येष्ठांची सर्वाधिक तक्रार असलेल्या जुनाट वेदनांबाबत मात्र तज्ज्ञांमध्ये मतभेद आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमींनी २०१७ च्या अहवालात प्रौढांच्या जुनाट वेदनांवर गांजा उपयोगी असल्याचे भरीव पुरावे असल्याचे म्हटले. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१९ मध्ये जुनाट वेदनांसाठी टीएचसीयुक्त औषधे देऊ नयेत, असे सांगितले. वेदनांच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२१ मध्ये वेदनांवरील वापराला पाठिंबा देण्यास नकार दिला. त्याच वर्षी ‘बीएमजे’मधील मार्गदर्शक सूचनेने, इतर उपाय पुरेसे न ठरल्यास धूम्रपानाऐवजी अन्य मार्गाने वापर करून पाहण्याची शिफारस केली, पण ती ‘सौम्य’ या श्रेणीतली. तिच्या आधारभूत विश्लेषणानुसार, औषध घेणाऱ्या दर १०० रुग्णांमागे, न घेणाऱ्यांच्या तुलनेत, जाणवेल इतका आराम पडणारे साधारण १० रुग्ण अधिक होते.

संकेतस्थळाने यांतील एकच मत निवडून वाचकाला दिले, तर ती दिशाभूल होते. सगळी मते ओतली, तर वाचक गोंधळून पान बंद करतो. यातून मार्ग आहे : प्रत्येक आजारापुढे ‘पुरावा भक्कम’, ‘पुरावा मर्यादित, तज्ज्ञांत मतभेद’, ‘पुरावा नाही’ अशी साधी खूण, आणि जिथे आकडा देता येतो तिथे ‘१०० पैकी १०’ अशा स्वरूपात. ‘१० टक्के सुधारणा’ या शब्दांतून प्रत्येकाचे दुखणे दहा टक्के कमी होईल, असा अर्थ निघू शकतो. ‘१०० पैकी १० जण’ म्हटले की उरलेल्या ९० जणांचाही विचार आपोआप होतो.

संकेतस्थळाची सुरुवात कुठून व्हावी?

या विषयावरील बहुतेक पाने वनस्पतीच्या इतिहासापासून सुरू होतात. हजारो वर्षांची परंपरा, मग रसायनशास्त्र, मग मेंदूतील ग्राहके आणि शेवटी कुठे तरी धोके. ज्येष्ठ वाचक या क्रमाने येत नाही. त्याच्या मनात एक ठोस प्रश्न असतो. ‘मला रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे, हे घेता येईल का?’, ‘मुलीने तेलाची बाटली आणून दिली आहे, त्यात काय आहे?’, ‘काल गमी खाल्ल्यापासून धडधडते आहे, काय करू?’

म्हणून पहिल्या पडद्यावर असे चार-पाच प्रश्नच असावेत आणि प्रत्येकाचे उत्तर पहिल्या दोन वाक्यांत मिळावे. तपशील त्याखाली. तातडीचा प्रश्न सर्वात वर, कारण त्या क्षणी वाचकाला शोधत बसायला वेळ नसतो : छातीत दुखणे, शुद्ध हरपणे, श्वास लागणे, पडल्याने डोक्याला मार लागणे यांपैकी काही असल्यास वाचन थांबवून मदत बोलवा, हे ठसठशीत दिसायला हवे.

दुसरी गरज म्हणजे डॉक्टरांकडे नेता येईल असा एक पानी तक्ता. चालू असलेल्या गोळ्या, पूर्वी पडल्याच्या घटना, हृदयाचा किंवा मानसिक आजाराचा इतिहास, कोणते उत्पादन, त्यात टीएचसी व सीबीडी किती, हे सारे त्यात भरून छापता येते. विषय काढण्याचा संकोच असलेल्या माणसाला कागद पुढे सरकवणे सोपे जाते. संकेतस्थळाचे खरे काम इथेच आहे. त्याने डॉक्टरांची जागा घ्यायची नसते. डॉक्टरांशी होणारे दहा मिनिटांचे बोलणे नीट व्हावे, एवढी तयारी करून द्यायची असते.

अक्षर, रंग आणि बटणांचा औषधाशी काय संबंध?

थेट संबंध आहे. ‘२.५’ मधील टिंब दिसले नाही तर ते ‘२५’ होते. चाळिशीनंतर जवळचे धूसर दिसू लागते, वयानुसार डोळ्याच्या भिंगाला पिवळसर छटा येते, निळ्या-हिरव्या रंगांतला फरक ओळखणे अवघड जाते. गांजाच्या उत्पादनांची काही पाने नेमकी हिरव्यावर फिकट हिरव्या अक्षरांत सजवलेली असतात.

जागतिक स्तरावर मानल्या जाणाऱ्या ‘डब्ल्यूसीएजी’ या सुलभता निकषांनुसार नेहमीच्या आकाराचा मजकूर आणि त्यामागचा रंग यांच्यातील उठाव किमान ४.५ : १ इतका असावा लागतो. मजकूर दुप्पट मोठा केला तरी पान मोडता कामा नये. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या २.२ या आवृत्तीने बोटाने दाबायच्या जागेसाठीही किमान आकार सुचवला, कारण थरथरणाऱ्या हाताने बारीक बटण दाबताना शेजारचे दाबले जाते. कंप असलेल्या, संधिवात असलेल्या वाचकासाठी हे किमानही अपुरे पडते. बटण त्याहून बरेच मोठे ठेवणे शहाणपणाचे.

ज्येष्ठांसाठी स्वतंत्र आरोग्य संकेतस्थळाचा प्रयोग अमेरिकेत २००३ मध्येच झाला होता. तेथील वार्धक्यविषयक राष्ट्रीय संस्था आणि राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालय यांनी मिळून ‘एनआयएच सीनियर हेल्थ’ सुरू केले. अक्षरे मोठी करण्याची, उठाव बदलण्याची आणि मजकूर मोठ्याने वाचून दाखवण्याची सोय त्यात होती. माहिती छोट्या तुकड्यांत दिलेली असे. ते २०१७ मध्ये बंद झाले, पण ज्येष्ठांसाठी लिहिणे म्हणजे मजकूर बाळबोध करणे नव्हे, हा त्याचा धडा टिकून आहे. आयुष्यभर व्यवहार सांभाळलेल्या माणसाला समज कमी नसते. त्याला हवी असते स्पष्ट मांडणी आणि पुरेसा अवधी. आपोआप सरकणारी चित्रे, मध्येच उघडणाऱ्या चौकटी, काही सेकंदांत नाहीसे होणारे संदेश त्याचा हा अवधी हिरावून घेतात.

मात्रेची माहिती कशी द्यावी?

मात्रेच्या माहितीत चूक झाली तर ती सर्वात महागात पडते. ओढलेल्या गांजाचा परिणाम काही मिनिटांत जाणवतो. खाल्लेल्याचा परिणाम सुरू व्हायला अर्ध्या तासापासून दोन तास लागतात, तो पूर्ण चढायला चार तासही लागू शकतात आणि तो बारा तासांपर्यंत राहू शकतो. एका तासाने ‘काहीच झाले नाही’ म्हणून दुसरा तुकडा खाणारा माणूस दुपटीच्या वाटेवर असतो. हे वाक्यात सांगण्यापेक्षा घड्याळाच्या चित्रातून दाखवले तर लक्षात राहते : सकाळी नऊला खाल्ले, अकराला सुरुवात, दुपारी एकला सर्वाधिक परिणाम, रात्री नऊपर्यंत गाडी चालवणे नको.

पाकिटावरील आकडेही फसवे असतात. कॅनडात खाद्यपदार्थाच्या एका पाकिटात जास्तीत जास्त १० मिलीग्रॅम टीएचसी असू शकते. कॅलिफोर्नियात एका तुकड्यात १० आणि पाकिटात १०० मिलीग्रॅमपर्यंत परवानगी आहे. टोरंटोच्या सवयीने सॅन फ्रान्सिस्कोतले पाकीट संपवणारा दहापट मात्रा घेईल. तेलाच्या बाटलीचे गणित आणखी किचकट. ‘३० मिलिलिटर, ६०० मिलीग्रॅम’ असे लिहिले असेल, तर एका मिलिलिटरमध्ये २० मिलीग्रॅम. मिलिलिटर आणि मिलीग्रॅम हे शब्द ऐकायला इतके जवळचे की गफलत होतेच. ड्रॉपरचे मोठे चित्र आणि त्यावर दोन्ही मापे शेजारी शेजारी, एवढ्यानेही ती टळू शकते.

‘तुमचे वजन सांगा, मात्रा सांगतो’ अशी गणकयंत्रे मात्र अशा संकेतस्थळावर नसावीत. मात्रा ठरवताना मूत्रपिंड, यकृत, इतर औषधे असे बरेच काही पाहावे लागते आणि ते काम डॉक्टरांचे आहे. थोड्यापासून सुरुवात, सावकाश वाढ आणि पहिल्या वेळी सोबत कोणीतरी, हे सर्वसाधारण तत्त्व सांगून थांबणे योग्य.

वाचकाने विश्वास कशावर ठेवायचा?

‘माहिती’ आणि ‘जाहिरात’ यांच्यातली रेघ या क्षेत्रात फार पुसट आहे. विक्रेते स्वतःच ‘शिक्षण’ नावाची पाने चालवतात. सीबीडीने कर्करोग किंवा अल्झायमर बरा होतो, अशा दाव्यांबद्दल अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अनेक कंपन्यांना ताकीद देणारी पत्रे पाठवली आहेत. २०१७ मध्ये ‘जामा’त प्रसिद्ध झालेल्या तपासणीत, ऑनलाइन विकत घेतलेल्या ८४ सीबीडी उत्पादनांपैकी जेमतेम ३१ टक्क्यांवरच सीबीडीचे प्रमाण बरोबर लिहिलेले आढळले. त्यांतील १८ उत्पादनांत टीएचसीही सापडले. नशा नको म्हणून सीबीडी निवडणाऱ्या आजोबांच्या पोटात नकळत टीएचसी जाऊ शकते, असा याचा अर्थ.

आरोग्य संकेतस्थळांना विश्वासार्हतेचा शिक्का देणारी ‘हॉनकोड’ ही व्यवस्था १९९६ मध्ये सुरू झाली होती. तिचे काम २०२२ च्या अखेरीस थांबले. त्यामुळे पारदर्शकतेची जबाबदारी आता संकेतस्थळावरच अधिक आहे. मजकूर कोणत्या डॉक्टरांनी किंवा औषधनिर्माण तज्ज्ञांनी तपासला, पैसा कोणी दिला, पान शेवटचे कधी अद्ययावत झाले, या तीन गोष्टी प्रत्येक पानावर वाचता येतील अशा अक्षरांत असाव्यात. ‘विकत घ्या’कडे नेणारा एकही दुवा नसावा. वाचकालाही हीच कसोटी वापरता येते : ज्या पानावर फायदे ठळक आणि धोके तळाशी बारीक अक्षरांत असतील, ते पान दुकानाचे समजावे.

गोपनीयता इतकी महत्त्वाची का?

अनेक घरांत टॅबलेट एकच असतो आणि तो नातवंडेही वापरतात. गांजाविषयी वाचल्यावर दिवसभर त्याच्या जाहिराती दिसू लागल्या, तर ज्येष्ठ व्यक्ती पुन्हा तिकडे फिरकणार नाही. म्हणून नोंदणी, ईमेल, मोबाइल क्रमांक यांची सक्ती नको. जाहिरातींसाठी माग काढणारी व्यवस्था तर नकोच. धुराचे लोट आणि पानांची चित्रे टाळून साधी आरोग्यविषयक मांडणी ठेवली, तर शेजारी बसलेल्यासमोर पान उघडण्याचा संकोचही कमी होतो.

संकोचामागे एक न बोललेली भीतीही असते, ‘मला व्यसन तर लागले नाही ना?’ ही भीती अनाठायी नाही. कॅनडात ज्येष्ठांच्या मानसिक आरोग्यासाठी काम करणाऱ्या राष्ट्रीय आघाडीने २०२० मध्ये ज्येष्ठांमधील गांजाच्या वापरविकाराबाबत मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. संकेतस्थळावर या विषयाला स्वतंत्र जागा हवी आणि त्याची भाषा दटावणारी नसावी.

चाचणी कोणाकडून करून घ्यावी?

संगणक कक्षातील पंचविशीच्या तरुणांना पान सोपे वाटले, याला इथे काही अर्थ नाही. ज्यांच्यासाठी ते आहे त्यांनाच, त्यांच्याच चष्म्यासह, त्यांच्याच फोनवर, सुरुवातीपासून सहभागी करून घ्यावे लागते. ‘पान आवडले का?’ असे विचारले तर भिडेपोटी ‘हो’ असेच उत्तर येते. त्याऐवजी काम द्यावे : ‘या बाटलीत टीएचसी किती आहे ते शोधा’, ‘दुसरा तुकडा कधी खाल्ला तर चालेल, ते तुमच्या शब्दांत सांगा’. वाचकाने स्वतःच्या शब्दांत बरोबर सांगितले, तरच मजकूर समजला.

अमेरिकेच्या आरोग्य संशोधन व गुणवत्ता संस्थेने रुग्णांसाठीचे साहित्य तपासण्यासाठी ‘पेमॅट’ नावाचे साधन तयार केले आहे. त्यात दोन गोष्टींना वेगवेगळे गुण मिळतात : मजकूर समजतो का, आणि वाचून नेमके काय करायचे ते कळते का. अनेक पाने पहिल्यात उत्तीर्ण होतात आणि दुसऱ्यात गडगडतात. ‘सावधगिरी बाळगावी’ हे समजते, पण त्यातून करायचे काय ते कळत नाही. ‘पहिल्या दिवशी रात्री उठताना आधी दोन मिनिटे पलंगाच्या कडेला बसा’ हे करता येते.

भारतात कायदा काय सांगतो?

डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आयोगाने गांजाला सर्वाधिक धोकादायक पदार्थांच्या यादीतून वगळले. २७ विरुद्ध २५ मतांनी झालेल्या या निर्णयाच्या बाजूने भारतानेही मत दिले होते. देशातील कायदा त्यामुळे बदलला नाही. १९८५ च्या ‘एनडीपीएस’ कायद्यानुसार गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे आणि चरस म्हणजे राळ. दोन्हींवर बंदी आहे. गांजाच्या एक किलोपर्यंतच्या ‘अल्प प्रमाणा’साठीही एक वर्षापर्यंत सश्रम कारावासाची तरतूद आहे. शेंड्यांविना असलेली पाने आणि बिया या व्याख्येत येत नाहीत. त्यामुळे भांगेचे नियमन राज्यांकडे आहे. राजस्थान, उत्तर प्रदेशात तिची परवानाधारक दुकाने आहेत, तर महाराष्ट्रात परवान्याविना भांग बाळगणे दारूबंदी कायद्याखाली येते.

आयुर्वेदात ही वनस्पती ‘विजया’ म्हणून ओळखली जाते. पानांच्या अर्काची परवानाधारक आयुर्वेदिक औषधे ऑनलाइनही मिळतात. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या ई-१ या अनुसूचीत, म्हणजे विषारी द्रव्यांच्या यादीत, भांगेचा समावेश आहे. अशा द्रव्यांची पोटात घ्यायची औषधे वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावीत, असा इशारा वेष्टनावर छापावा लागतो. नियमाने तो इंग्रजी व हिंदीत सक्तीचा आहे, मराठीत नाही. ‘आयुर्वेदिक आहे, त्यामुळे काही होत नाही’ असे मानणाऱ्या वाचकापर्यंत हा इशारा पोहोचतो का, हा प्रश्न आहेच.

मराठी कुटुंबांचा संबंध कुठे येतो?

मुलांकडे टोरंटो, व्हँकूव्हर किंवा कॅलिफोर्नियात सहा-सहा महिने राहायला जाणारे आईवडील आता अपवाद नाहीत. गुडघेदुखीवर ‘इथे हे सर्रास मिळते’ म्हणून तेलाची बाटली किंवा गमी हातात येऊ शकते. गोळ्या मात्र पुणे-नाशिकच्या डॉक्टरांनी दिलेल्या असतात आणि त्यांना याची कल्पना नसते. परतताना ती बाटली सामानात ठेवणे आणखी धोक्याचे. डॉक्टरांची संमती असली, तरी गांजाचे कोणतेही उत्पादन कॅनडाच्या सीमेबाहेर नेणे वा आत आणणे तेथील कायद्याने गुन्हा आहे आणि भारतात ‘एनडीपीएस’ लागू होतो.

अशा वाचकासाठी मराठीत पान करायचे म्हटले, तर पहिली अडचण शब्दाचीच येते. ‘गांजा’ म्हटले की गांजेकस डोळ्यांसमोर येतो आणि आजी पान मिटते. ‘भांग’ म्हटले की महाशिवरात्र आणि धुळवड आठवते आणि धोका खोटा वाटू लागतो. ‘विजया’ म्हटले की औषधाची प्रतिष्ठा आपोआप चिकटते. एकच वनस्पती, तीन शब्द आणि तीन वेगळे ग्रह. तिन्ही शब्द एकत्र देऊन ‘झाड एकच, वापरलेला भाग आणि त्याची तीव्रता वेगळी’ हे सुरुवातीलाच सांगणे, हाच प्रामाणिक मार्ग. जोडाक्षरे आणि वेलांट्या असलेल्या देवनागरीला इंग्रजीहून थोडे मोठे अक्षर आणि ओळींत अधिक अंतर लागते, हेही विसरून चालत नाही.

पुढे काय?

भारतात औषधी गांजावर जम्मूतील भारतीय एकात्मिक वैद्यक संस्थेत संशोधन सुरू आहे. उत्तराखंडने २०१८ मध्ये औद्योगिक लागवडीला परवाने देण्यास सुरुवात केली. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२१ मध्ये बिया आणि बियांच्या तेलाला अन्न म्हणून मान्यता दिली. बाजार हळूहळू आकाराला येतो आहे आणि त्याच्या जाहिराती ज्येष्ठांच्या मोबाइलवर आधीच पोहोचल्या आहेत.

ओंटारियोचा अनुभव सांगतो, की विक्रीची परवानगी आणि माहितीची सोय यांत जितके अंतर पडते, तितकी किंमत रुग्णालयात मोजावी लागते. हे अंतर मिटवायला मोठा खर्च किंवा नवे तंत्रज्ञान लागत नाही. वाचता येणारे अक्षर, पहिल्या दोन वाक्यांत उत्तर, पुराव्याची खरी श्रेणी आणि डॉक्टरांपुढे ठेवता येईल असा एक कागद, एवढे पुरते. तोवर ज्येष्ठांसाठी आणि त्यांच्या मुलांसाठी एक नियम उपयोगी पडेल : कोणतेही तेल, गमी किंवा अर्क सुरू करण्याआधी चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी आणि त्या बाटलीचा फोटो डॉक्टरांना दाखवायचा. आधीच घेणे सुरू असेल, तर लपवायचे नाही. डॉक्टर रागावतील ही भीती, गोळ्यांच्या टकरीपुढे फारच लहान आहे.